कपाटं बाहेर असताना

विद्यापीठात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. हजेरीपटावर ते नाव होतं, तेवढंच. बाकी सगळ्यांसाठी ती शिडीमावशी. कारण सरळ होतं, आधी शिडी दिसायची आणि मागून मावशी यायची. शिडी अॅल्युमिनियमची, आणि तिच्या एका पायाचा रबरी बूट कधीचा हरवलेला. "मावशी, आता तरी ही बदला," असं कुणी म्हणालं की तिचं उत्तर तयार असायचं, "सव्वीस वर्षांत नवरा नाही बदलला, शिडी कशाला बदलू?" आणि मग स्वतःच इतकी मोठ्यांदा हसायची की वरच्या मजल्यावरच्या पोरी दार उघडून बघायच्या.

सव्वीस वर्षं ती विद्यापीठाच्या टेलिफोन विभागात वायरिंग करत होती. मुलींच्या वसतिगृहात प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी भिंतीला एक फोन लावलेला असायचा, आणि त्याच्यासमोरच्या पायऱ्यांवर रांग. कुणी पुस्तक घेऊन बसलेली, कुणी नखं कुरतडत, कुणी घरचा फोन येईल म्हणून दोन दोन तास पायरी न सोडणारी. मावशी शिडीवर काम करता करता सगळं बघायची. कुणाच्या घरी काय चाललंय हे वॉर्डनला कळायच्या आधी तिला कळायचं, आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, तिच्या तोंडून ते कधी बाहेर गेलं नाही. पुढे मोबाइल आले, पण त्या जाडजूड भिंतींत बोलण्यापुरती रेंज यायची तीही जिन्यातच. त्यामुळे पोरींची पायरी काही सुटली नाही.

गेल्या वर्षी ते भिंतीवरचे फोन काढायचा हुकूम निघाला. काढले मावशीनेच. तिसऱ्या मजल्यावरचा शेवटचा फोन काढून झाला तेव्हा ती घटकाभर पायरीकडे बघत उभी राहिली आणि पुटपुटली, "आता वायफाय येतंय म्हणे. येऊ दे बाई. म्हणजे पोरी खोलीत बसून बोलतील."

फोन गेले तसा टेलिफोन विभागही गेला. विभागातल्या बाकी दोघांनी मिळेल ती जागा घेतली. मावशी मात्र सरळ नेटवर्क विभागात जाऊन उभी राहिली, "मला इथे घ्या." बावन्न वर्षांची बाई, हातात शिडी. तिथली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पण विभाग ज्यांच्या हाती होता त्या इंजिनीअर मॅडम हसल्या नाहीत. जेमतेम तिशीच्या, बोलायला मोजून मापून, टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवणाऱ्या. त्यांनी वर लिहून पाठवलं. वरून उत्तर आलं की सहा महिने काम बघू, मग समिती ठरवेल. जमलं तर नेटवर्कमध्ये कायम. नाहीतर तळघरातला चावी-काउंटर.

हा चावी-काउंटर म्हणजे एक खुर्ची, एक खिडकी आणि भिंतीवर चारशे चाव्या. काम आरामाचं, कुणालाही आवडेल असं. पण मावशीच्या अंगावर काटा यायचा. जिने चढले नाहीत तर गुडघे दुखतात अशी ती जगातली एकटीच बाई असावी. "मला तिथे खिळ्याला टांगा," ती नवऱ्याला म्हणायची, "पण बसवू नका हो."

नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, "मी इकडे आयुष्यभर बसूनच काम करतोय, माझं काही बिघडलं?"

"पोटाकडे बघा जरा खाली," मावशी म्हणायची, आणि विषय तिथेच मिटायचा.

सहा महिन्यांतलं शेवटचं आणि सगळ्यांत मोठं काम आलं ते त्याच मुलींच्या वसतिगृहाचं. तीन मजले. मजल्यावर मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना बारा बारा खोल्या. वायफायचे पांढरे डबे कुठे बसवायचे ते ठरवायचं होतं. मॅडमनी आधी कागदावर हिशेब मांडला होता, मजल्याला आठ डबे. पण कागदावर भागत नाही. एक डबा उंच तिपाईवर ठेवून चालू करायचा, मग हातात टॅब घेऊन खोलीखोलीत जायचं, आणि कुठे किती जोर मिळतोय ते नकाशावर भरायचं. चांगला मिळाला तर हिरवं, नाहीच मिळाला तर लाल. ही पाहणी मॅडमनी मावशीच्या हाती दिली. एकटीच्या.

सुट्टी चालू होती. वसतिगृह रिकामं. मावशी चार दिवस अनवाणी त्या खोल्यांतून फिरली, कारण नवा रंग दिलेल्या भिंती आणि पुसलेली फरशी बघून तिला चप्पल घालवेना. खोल्या काय मोठ्या वाटत होत्या! गाणं म्हटलं की आवाज घुमायचा. चार दिवसांत बहात्तर खोल्या झाल्या आणि नकाशा असा हिरवागार निघाला की मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"मावशी, आठ कशाला, पॅसेजमध्ये मजल्याला सहाच पुरतील," त्या म्हणाल्या. मॅडमच्या तोंडून निघालेला हा सगळ्यांत आनंदी उद्गार होता.

अठरा डबे बसले. पॅसेजच्या छताला, एका ओळीत, बारीक निळे दिवे लुकलुकत. उरलेले सहा खोक्यांतच कोठीत परत गेले. मावशीचे पाय जमिनीला लागेनात. तिने नवऱ्याला मुद्दाम बोलावून ती ओळ दाखवली. त्याने मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "छान. पण हे लागतं कशाला?" तरी घरी जाताना त्याने बसमध्ये शेजारच्याला सांगितलं, "आमच्या हिने लावलेत." ते मावशीने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिसऱ्या मजल्यावर एका डब्याचा स्क्रू घट्ट करत होती. जिन्यातून धडाम्धूम आवाज आला. "सरका, सरका!" करत चार हमाल एक लोखंडी कपाट वर आणत होते. त्यामागे दुसरं, त्यामागे तिसरं. मागच्या अंगणात रंगवायला काढलेली सगळी कपाटं वाळून परत निघाली होती. दाराच्या चौकटीइतकी उंच. प्रत्येक खोलीत दोन दोन, आणि उभी कुठे राहणार? आतल्या बाजूने, पॅसेजच्या भिंतीला पाठ लावून. सव्वीस वर्षं तिथेच तर उभी होती ती!

मावशी शिडीवरच गोठली. तिला पाहणीचे ते चार दिवस आठवले, ते घुमणारं गाणं आठवलं, आणि खोल्या एवढ्या मोठ्या का वाटत होत्या ते आत्ता कळलं. कपाटं अंगणात होती! हिने रोज येता जाता ती बघितली होती. एकदा तर ओल्या रंगाला बोट लागलं म्हणून रंगाऱ्याशी भांडलीही होती. आणि टॅबवर एका शब्दाने लिहिलं नव्हतं.

खाली उतरून तिने टॅब उघडला आणि कपाटं लागलेल्या पहिल्या खोलीत गेली. परवापर्यंत हिरवी असलेली खोली लाल. पुढची लाल. शेवटच्या कोपऱ्यातल्या खोलीत तर टॅबने सरळ हात वर केले. लोखंडाच्या भिंतीआडून काय जाणार, कपाळ?

संध्याकाळी नवऱ्यासमोर तिने सगळं ओतलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"हे कुणाला कळलंय?"

"कुणालाच नाही."

"मग झालं तर. समिती कधी आहे?"

"गुरुवारी."

"पोरी येणार सोमवारी. आल्या की नेट जाणार, आणि सगळे काय म्हणणार? पोरी जास्त, नेट कमी. दरवर्षी म्हणतातच की. तू गुरुवारपर्यंत तोंड बंद ठेव. एकदा कायम झालीस की सांग, मग लाव दुरुस्त. काम करायचंच आहे ना तुला? मी कुठे म्हणतो करू नको?"

खोटं कशाला बोला, मावशीला ते पटलं. तो काही वाईट सांगत नव्हता. तळघरातली ती खुर्ची त्यालाही दिसत होती. ती मूग गिळून झोपली, आणि झोप मात्र आली नाही.

सोमवार उजाडला. बॅगा, बादल्या, आया, बाप, धाकटी भावंडं, एकच गोंधळ. मावशीला जाण्याचं काही कारण नव्हतं, तरी ती गेली. शिडीसकट. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर पोचली आणि थबकली. जिथे पूर्वी फोन होता बरोबर त्याच्यासमोरच्या पायरीवर एक मुलगी बसली होती. मांडीवर लॅपटॉप, कानात इअरफोनची बोंडं, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट देत गुडघे आखडून घेणारी. पडद्यावर एक म्हातारा माणूस होता, उशीला टेकलेला, आणि ती त्याला आपली खोली तोंडाने सांगत होती. "खिडकी मोठी आहे, आजोबा. टेबल आहे. नाही, दाखवता नाही येत, तिथे नेट येत नाही."

बोलणं संपल्यावर मावशीने विचारलं, "कुठली खोली गं तुझी?"

"शेवटची. कोपऱ्यातली."

"तिथे अजिबात येत नाही?"

"नाही. पण असू दे मावशी, इथे पायरीवर छान येतं," मुलगी हसून म्हणाली. "रोज एकदा आजोबांशी बोलायचं असतं, तेवढ्यापुरतं येऊन बसेन मी."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चार शब्द सुनावले असते तर मावशीने आठ सुनावले असते. पण ती असू दे म्हणाली, आणि ते मावशीच्या वर्मी लागलं. सव्वीस वर्षं तिने पोरींना असू दे म्हणतच त्या पायरीवर बसलेलं बघितलं होतं. आता पोरींना पायरीवर कुणी बसवलं होतं? हिने.

ती तडक मॅडमच्या खोलीत गेली. शिडी बाहेर ठेवायचंसुद्धा भान राहिलं नाही, दारात अडकली.

"मॅडम, माझी पाहणी चुकली. कपाटं बाहेर होती तेव्हा मी मोजलं."

मॅडमना आधी कळेना. मग कळलं. त्या एकदम उभ्याच राहिल्या. "चार दिवस? चार दिवसांत तुमच्या लक्षात नाही आलं?"

"नाही आलं."

"आणि लक्षात कधी आलं?"

इथे खरं तर गप्प बसता आलं असतं. "शुक्रवारी," मावशी म्हणाली. "तीन दिवस मी लपवलं. गुरुवारची भीती वाटली."

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्या नकाशावर सही त्यांची होती. मग त्या खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी एकदाही तिथे आले नाही. नकाशा हिरवा दिसला आणि मी खूश झाले. रिकाम्या खोल्यांत नक्की काय काय नाही, हे मी विचारायला हवं होतं." त्यांनी एक पेन्सिल उचलली, परत ठेवली. "आता डबे खोल्यांच्या आत न्यावे लागतील. म्हणजे भिंती फोडा. नव्या रंगावर? परवानगीच मिळणार नाही. मिळाली तरी दोन महिने."

"भिंती कशाला फोडायच्या?" मावशी म्हणाली. "नळ्या आहेत की आत."

"कसल्या नळ्या?"

आणि मग मावशीने ती गोष्ट सांगितली जी आता तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. बावीस वर्षांपूर्वी खोलीखोलीत फोन द्यायची टूम निघाली होती. पॅसेजपासून प्रत्येक खोलीतल्या टेबलापर्यंत भिंतीच्या आतून नळी टाकली. तेवढ्यात मोबाइल आले, फोन राहिले, नळ्या राहिल्या. वर झाकणं लागली, झाकणांवर रंगाचे थर चढले. पण टेलिफोनवाल्यांची एक पद्धत होती. वायर टाकायची असो नसो, रिकामी नळी तशीच सोडायची नाही. आत नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवायची. पुढे ज्याला कुणाला वायर न्यायची असेल त्याने ती दोरीला बांधावी आणि ओढावी.

"बहात्तर दोऱ्या मी ओवल्यात," मावशी म्हणाली. "तेव्हा आमचे मुकादम ओरडायचे, कशाला वेळ घालवतेस, इथे कोण येणार आहे पुढे."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. "त्या दोऱ्या अजून असतील?"

"बघायला नको का?"

मंगळवारी सकाळी दोघी वसतिगृहात. मॅडमनी पहिल्यांदाच बाह्या सरसावल्या होत्या. तीन खोल्यांमागे मधल्या खोलीत एक डबा लावायचा, म्हणजे दोन्हीकडच्या शेजारणींनाही मिळेल. खोल्यांच्या मधल्या भिंती पातळ आहेत, आणि तिथे कपाटं नाहीत. मजल्याला आठ. मॅडमचा पहिला हिशेब अगदी बरोबर होता, पॅसेजमधले अठरा आत न्यायचे, आणि कोठीत सहा खोकी बसूनच होती. पहिल्या झाकणावरचा रंग मावशीने पटाशीने खरवडला, झाकण निघालं, आत बोट घातलं. तिचे डोळे मिटलेले. मग बोटाला पिवळी दोरी गुंडाळूनच हात बाहेर आला.

"आहे!" मावशी एवढ्या जोरात ओरडली की वॉर्डन धावत आल्या, कुणी पडलं की काय म्हणून.

एकेक दोरी ओढत गेल्या. मागून वायर येत गेली. बुधवारी दुपारपर्यंत तेवीस झाल्या. घोडं अडलं ते चोविसाव्याशी. तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीच्या शेजारी. दोरी होती, पण हलेना. मॅडमनी ओढून पाहिली, मावशीने पाय भिंतीला लावून ओढली. "जोर केला तर तुटेल," मावशी म्हणाली, "आणि तुटली की संपलं."

पायरीवरची मुलगी दारात उभी राहून बघत होती. मावशीने तिला विचारलं, "पावडर आहे का गं तुझ्याकडे? तोंडाला लावायची."

मुलीने डबा आणला. मावशीने पावडर नळीच्या तोंडात ओतली आणि गाल फुगवून फुंकर मारली. निम्मी आत गेली आणि निम्मी मॅडमच्या अंगावर आली. इंजिनीअर मॅडम भुवयांपर्यंत पांढऱ्या! मुलीने तोंडावर हात धरला. मॅडमनी चष्मा काढला, मागे दोन स्वच्छ गोल डोळे उरले, आणि मग त्यांनाच हसू आवरेना. मावशीने दोरीला हळूहळू हिसके दिले, आत, बाहेर, आत, बाहेर, लहान मुलाला समजवावं तसे. "ये गं बाई. ये. तूच राहिलीस." आणि ती आली. पावडरीने माखलेली, पण अख्खी.

गुरुवारी समितीपुढे मावशीने आपला अहवाल स्वतःच्या हाताने लिहून नेला. अंगावर इस्त्रीची साडी. पहिलीच ओळ होती, "पाहणीच्या वेळी कपाटं खोलीबाहेर होती, हे मी नोंदवलं नाही आणि कळल्यावर तीन दिवस सांगितलं नाही. चूक माझी." समितीतल्या एका गृहस्थांनी ती मोठ्याने वाचली आणि भुवया उंचावल्या. मॅडम म्हणाल्या, "सही माझी आहे. चूक अर्धी माझी." त्यावर बराच वेळ चर्चा झाली, पण ती मावशीला बाहेर बसवून. जीव टांगणीला. दाराबाहेर बाक होता, आणि ती त्यावर बसली नाही, येरझाऱ्या घालत राहिली.

मॅडम बाहेर आल्या. त्यांनी एक कोरा छापील कागद पुढे केला. मुलांच्या वसतिगृहाच्या पाहणीचा तक्ता. नवा केलेला. वर पहिलाच प्रश्न छापला होता, "खोलीतलं सगळं सामान जागेवर आहे का? कपाटं स्वतः हात लावून पाहिली का?" मावशीने तो वाचला, तिला हसावं की मेल्याहून मेल्यासारखं व्हावं कळेना. मग नजर खाली गेली. "पाहणी करणार" याच्यापुढे तिचं नाव होतं. खरं नाव. त्याच्यापुढे, "नेटवर्क विभाग".

"सोमवारपासून," मॅडम म्हणाल्या. "आणि यावेळी मीही येणार आहे."

मावशीचे डोळे भरून आले, तिने ते पदराने पुसले आणि शिडी उचलली. नवऱ्याला कधी सांगते असं झालं होतं, आणि नुसतं सांगायचं नव्हतं, तो कागद दाखवायचा होता. पाय आपोआप वसतिगृहाकडे वळले. तीन मजले चढून ती जिन्याच्या तोंडाशी आली. पायऱ्या रिकाम्या होत्या. आठही पायऱ्यांवर कुणी नाही, नुसतं दुपारचं ऊन.

तिने शिडी भिंतीला टेकवली आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः त्या पायरीवर बसली. फोन काढून नवऱ्याला व्हिडिओ लावला. चाक फिरत राहिलं. परत लावला. परत चाक. डबे आता सगळे खोल्यांत होते. पॅसेजमध्ये उरला नव्हता एकही.

कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडं होतं. आतून मुलीचा आवाज येत होता, "आणि हे बघा आजोबा, ही खिडकी. दिसतंय झाड?" मग तिने दारातून डोकं बाहेर काढलं.

"मावशी, तिथे काय बसलात? पायरीवर नेट येत नाही. खोलीत या ना."

"आले गं," मावशी म्हणाली, आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठली.